पहिली दोन मिनिटे

गोष्ट सांगणाऱ्याला सर्वांत अवघड काय जाते, असे कोणी विचारले तर मी एका शब्दात उत्तर देईन : सुरुवात. शेवट पुष्कळदा गोष्टच सुचवते. मधल्या भागात पात्रे आपल्या पायांनी चालू लागतात. सुरुवातीला मात्र लेखकाच्या गाठीशी काहीच नसते. वाचक अनोळखी असतो आणि पुस्तक मिटून ठेवायला त्याला एक क्षण पुरतो. रहस्यकथेत ही अडचण दुप्पट होते. तिथे सांगायचे थोडे आणि लपवायचे फार असते. शिवाय आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे, एवढे मात्र वाचकाला कळू द्यावे लागते.

हे अवघड काम सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना परीक्षेसाठी करायला लावणारा एक अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये होता. ओसीआर या तिथल्या परीक्षा मंडळाने २००८ पासून ‘मीडिया स्टडीज’ या विषयात, आपल्या अकरावीच्या सुमाराला येणाऱ्या ‘एएस’ या पातळीवर, मुलांना एक प्रकल्प दिला. एका नव्या काल्पनिक चित्रपटाची टायटल्स आणि सुरुवात तयार करायची. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे. चित्रण मुलांनी स्वतः करायचे. उसने चालेल ते फक्त हक्कमुक्त संगीत आणि ध्वनी. शंभरांपैकी वीस गुण पूर्वतयारीला, साठ प्रत्यक्ष चित्रफितीला आणि वीस गुण नंतर स्वतःच्या कामाची चिकित्सा करण्याला. २०१७ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि हे रूप बदलले. पण मधल्या काळात तिथल्या असंख्य मुलांनी कधीही पूर्ण न होणाऱ्या चित्रपटांच्या सुरुवाती बनवल्या.

चित्रपट कोणत्याही प्रकारचा चालत असे, तरी पुष्कळ मुले थरारपटाकडे वळत. कारणे उघड आहेत. प्रेमकथेला चांगला अभिनय लागतो, ऐतिहासिक चित्रपटाला पोशाख लागतात. थरारपटाला एक अंधारा जिना, एक विजेरी आणि शांतपणे चालू शकणारा एक मित्र पुरतो. मग त्या दोन मिनिटांत काय दिसते? ओल्या रस्त्यावर पडणारे बूट. मागून दिसणारी एकटी मुलगी. ती वळून पाहते तेव्हा रिकामा रस्ता. भिंतीवर टाचण्यांनी लावलेले फोटो, त्यांतल्या एकावर लाल फुली. हातमोजे घातलेले हात. डोक्यावर हुड ओढलेला, चेहरा नसलेला माणूस. आणि नेमक्या क्षणी काळा पडदा व त्यावर चित्रपटाचे नाव.

हे वाचून कोणी म्हणेल, सगळी उसनवारी! मला तसे वाटत नाही. संकेत हा शब्द आपण थोडा तुच्छतेने वापरतो, जणू संकेत म्हणजे कल्पनाशक्तीचे दिवाळे. माझी उमेद बँकेत गेली, तिथले उदाहरण देतो. चेक पास करणाऱ्याच्या टेबलावरून दिवसाला शेकडो चेक जातात. तारीख इथे, आकडी रक्कम तिथे, अक्षरी रक्कम मधे, सही खाली. सगळे एका साच्याचे. कंटाळवाणे वाटावे इतके सारखे. पण ते सारखे असतात म्हणूनच एखाद्या चेकवरची खाडाखोड डोळ्याला टोचते. साचा नसता तर खोट ओळखता आली नसती. रहस्यपटाच्या प्रेक्षकाचेही तसेच असते. सुरुवात अशी असते हे त्याला ठाऊक असते, म्हणून तिच्यातला किंचितसा बदलही त्याला हलवून सोडतो.

आमच्या पिढीने हे शिक्षण वाचनालयातून फुकट घेतले. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आम्ही इतके वाचले की पहिल्या दोन पानांत कोणावर संशय धरायचा नाही, हे आम्हाला कळू लागले. लेखकालाही ते कळत होते. हा एक करार असतो. संकेत म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द, आणि तो कसा पाळायचा किंवा कुठे मोडायचा यात सगळे कसब असते.

हे संकेत आकाशातून पडलेले नाहीत. कोणीतरी, केव्हातरी, एखाद्या अडचणीवर उपाय म्हणून ते प्रथम शोधले. फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘एम’ हा १९३१ चा चित्रपट घ्या. विषय लहान मुलांच्या खुनांचा. तो पडद्यावर दाखवायचा कसा? लांगने दाखवलाच नाही. बर्लिनमधल्या एका चाळवजा इमारतीच्या अंगणात मुले सुटण्याचा खेळ खेळत आहेत. त्यांच्या गाण्यातच खुनी आहे. वर एक आई मुलीची वाट पाहत ताट मांडते आहे. रस्त्यात ती मुलगी चेंडू आपटत येते, जाहिरातीच्या खांबावर आपटते. त्या खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस देण्याचे पत्रक आहे, आणि त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. पुढे फक्त रिकामा जिना, रिकामे ताट, गवतातून घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. रक्ताचा थेंबही नाही. तरीही हे दृश्य पाहिल्यावर घरातले मूल शाळेतून वेळेवर आले नाही तर छातीत धडधडते. विद्यार्थ्यांच्या चित्रफितीत भिंतीवर सरकणारी सावली दिसते, तिचे एक मोठे मूळ इथे आहे.

१९६० मध्ये हिचकॉकने ‘सायको’ची सुरुवात वेगळ्या अडचणीतून केली. भयाची गोष्ट भर दुपारी कशी सुरू करायची? सॉल बासच्या टायटल्समध्ये नुसत्या रेघा धावतात, चिरत जातात. बर्नार्ड हरमनचे संगीत फक्त तंतुवाद्यांचे. मग अमेरिकेतल्या एका शहराचे दृश्य, त्यावर शहराचे नाव, वार, तारीख आणि वेळ : दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे. मिनिटापर्यंतचा हा काटेकोरपणा कशासाठी? वेळ मोजली जाते आहे म्हणजे काहीतरी घडणार आहे, एवढे सुचवण्यासाठी. कॅमेरा एका खिडकीच्या अर्धवट पडद्याखालून आत शिरतो आणि आपण, सभ्य प्रेक्षक, दुसऱ्याच्या खोलीत डोकावणारे ठरतो. थोड्याच वेळात नायिका मालकाने बँकेत ठेवायला दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन पळते. निवृत्त बँक अधिकाऱ्याला खरा घाम इथेच फुटतो, हे जाता जाता सांगून टाकतो.

तिसरे उदाहरण १९९५ च्या ‘सेव्हन’चे. डेव्हिड फिंचरच्या या चित्रपटाची टायटल्स काइल कूपरने केली. वही शिवणारे, ब्लेडने बोटांची कातडी तासणारे हात, ओरखडल्यासारखी अक्षरे. चेहरा नाही. गुन्हेगार कोण ते कळत नाही, पण त्याची चिकाटी कळते, आणि चिकाटी ही क्रौर्याहून भीतीदायक असते. या दोन मिनिटांनी पुढच्या विद्यार्थ्यांना जणू वेड लावले. हातमोजे, कात्री, फोटो, वेडीवाकडी अक्षरे ही सारी सामग्री तिथून आली.

या तिन्ही सुरुवातींत समान काय आहे? परिणाम दाखवायचा, कारण झाकायचे. सावली दाखवायची, माणूस झाकायचा. हिचकॉकने फ्रान्सवा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाशी बसलेल्यांना कळले नाही, तर पंधरा मिनिटे श्वास रोखला जातो. ऑर्सन वेल्सने ‘टच ऑफ इव्हिल’च्या सुरुवातीला १९५८ मध्ये नेमके हेच केले होते. मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि मग तीन मिनिटांहून अधिक काळ, एकदाही न तुटणाऱ्या दृश्यात, ती मोटार गर्दीतून सरकत राहते.

विद्यार्थ्याला हे पुस्तकातून सांगता येते, पण हाताने केल्याशिवाय उमगत नाही. म्हणूनच त्या इंग्लिश अभ्यासक्रमात मुख्य कामाआधी एक छोटा सराव ठेवला होता. एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या व्यक्तीसमोर खुर्चीत बसते आणि दोघांत दोन वाक्ये बोलली जातात. बस्स. पण दाराबाहेरचा हात आणि दाराआतला हात दोन वेगळ्या तुकड्यांत असूनही एकच वाटला पाहिजे, समोरासमोरची माणसे एकमेकांकडेच पाहताहेत असे वाटले पाहिजे. जो हे करून पाहतो त्याला पहिल्यांदाच कळते की पडद्यावरचे साधे दार उघडणेसुद्धा कोणीतरी जुळवलेले असते.

या दाराची आणखी एक गंमत आहे. पोलंडमधल्या वूच शहरातील चित्रपट विद्यालयात शिकत असताना रोमान पोलान्स्कीने १९५७ मध्ये ‘खून’ या अर्थाच्या नावाची एक चित्रफीत केली. लांबी दोन मिनिटांच्या आतबाहेर. दार उघडते, एक माणूस आत येतो, झोपलेल्या माणसाच्या छातीत खिशातल्या चाकूचे पाते खुपसतो आणि निघून जातो. संवाद नाही, कारण नाही, शेवट नाही. दार उघडणे आणि खोली ओलांडणे, एवढाच सराव. फक्त खुर्चीत बसण्याऐवजी खून. संकेत शिकणारा विद्यार्थी आणि संकेत वाकवणारा कलावंत यांच्यात किती थोडे अंतर असते, ते इथे दिसते.

ते अंतर ओलांडण्याचे दुसरे उदाहरण क्रिस्टोफर नोलनचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना तो तिथल्या चित्रपट मंडळात रमला आणि पुढे मित्रांना घेऊन त्याने ‘फॉलोइंग’ हा कृष्णधवल रहस्यपट केला. सगळे नोकरी करणारे, म्हणून चित्रीकरण शनिवार-रविवारी. असे सुमारे वर्षभर चालले. फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर आणि प्रत्यक्ष चित्रण एक-दोनदाच. १९९८ मध्ये तो लोकांसमोर आला. सुरुवात पाहा : हातमोजे घातलेले हात एका पेटीतल्या वस्तू चाळताहेत, आणि एक तरुण एका वयस्क माणसाला आपली हकीकत सांगतो आहे. दोन्ही गोष्टी पूर्णपणे रूढ. कबुलीजबाबाचे दृश्य तर रहस्यपटांत शेकड्याने सापडेल. पण हा कबुलीजबाब देणाऱ्यालाच आपण काय कबूल करतो आहोत ते नीट ठाऊक नाही, हे हळूहळू लक्षात येते. संकेत तोच, त्याच्या पोटात शिरून तो उलटा केला.

आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवन यांनी ‘अंधाधुन’ (२०१८) मध्ये हीच युक्ती उघड्यावर आणली. अंधार नाही, जिना नाही. कोबीचे शेत, ऊन, एका डोळ्याने अधू ससा आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला शेतकरी. गोळी सुटते आणि आपण भलत्याच गोष्टीत येऊन पडतो. त्या सशाचा हिशेब प्रेक्षकाला फार उशिरा लागतो. पाठलाग, बंदूक, काळा पडदा हे सगळे त्या सोळा वर्षांच्या मुलांच्या चित्रफितीतही असते. राघवन यांनी फक्त प्रेक्षकाची नजर भलतीकडे वळवली.

परीक्षेनंतर मुलांना जी प्रश्नावली दिली जाई, तिचा पहिला प्रश्न साधारण असा होता : प्रत्यक्ष माध्यमांतील रूढ रूपे आणि संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले आणि कुठे झुगारले? हा प्रश्न मला सोन्यासारखा वाटतो. आपल्याकडे रसग्रहणाचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा मार्गदर्शक पुस्तकात तयार असते. इथे उत्तर पाठ करता येत नाही, कारण ज्या कृतीबद्दल विचारले आहे ती मुलानेच केलेली आहे.

पण माझ्या मते खरा मोलाचा होता तो दुसरा प्रश्न. तुमच्या चित्रफितीत विशिष्ट समाजगटांचे चित्रण कसे झाले आहे? पहिला प्रश्न कारागिराला विचारलेला आहे, दुसरा नागरिकाला. कारण प्रत्येक थरारपटाची सुरुवात आपल्याला न बोलता एक गोष्ट सांगते : भ्यायचे कोणाला. ‘घाबरा’ एवढे सांगून भागत नाही. बोट दाखवावे लागते.

त्या हुडवाल्या माणसाचेच पाहा. हुड असलेला अंगरखा इंग्लंडमधल्या कोणत्याही मुलाचा रोजचा पोशाख. २००५ मध्ये केंट परगण्यातील ब्लूवॉटर या मोठ्या खरेदी-संकुलाने हुडने चेहरा झाकून येणाऱ्यांना मज्जाव केला आणि देशभर वाद झाला. पोशाख संशयाची खूण बनला. त्यानंतर काही वर्षांनी तीच मुले, तोच अंगरखा आपल्याच मित्राला घालून, त्याला खुनी म्हणून चित्रित करत होती. आपल्यावरच रोखलेले बोट त्यांनी नकळत उचलून आपल्या चित्रफितीत ठेवले होते. तसेच त्या एकट्या मुलीचे. पाठलाग नेहमी तिचाच का, हे कोणी विचारल्याशिवाय सुचत नाही.

आपण काही वेगळे नाही. आपल्या जुन्या रहस्यकथांत वाड्यातला मुका नोकर, गालावर व्रण असलेला, लंगडत चालणारा माणूस पहिल्याच प्रकरणात संशयित ठरे. अपंगत्व हीच त्याची गुन्ह्याची निशाणी. आणि रहस्यकथेच्याही आधी, पाळण्यापासून, आपण मुलांना एक थरारपट दाखवत आलो आहोत : जेव, नाहीतर झोळीवाला येईल आणि झोळीत घालून नेईल. पात्र ठरलेले, पोशाख ठरलेला, गुन्हाही ठरलेला.

याचे पुढे काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत मोबाईलवरून देशभर असल्या अफवा आणि चित्रफिती फिरत होत्या. त्यांतल्या एका चित्रफितीचा पुढे छडा लागला. रस्त्यात मुले खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एक मूल उचलतात आणि पळतात. ती मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा अशा आशयाचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

राईनपाड्याच्या जमावाने ही फीत पाहिली होती की नाही, हा मुद्दा नाही. मुद्दा असा, की शेवट कापलेली ती फीत म्हणजे निव्वळ एक सुरुवात होती. वर सांगितलेल्या सगळ्या संकेतांनी युक्त : निरागस खेळ, अनोळखी वाहन, न दिसणारे चेहरे, अचानक काळोख. पुढे काय होणार हे सांगायचे नाही, हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा नियम तिथे एका खोटेपणाचे हत्यार बनला. चित्रपटगृहात आपण त्या न सांगितलेल्या शेवटाची वाट पाहत बसतो. रस्त्यावर जमाव तो शेवट स्वतः करायला निघतो.

म्हणून मला वाटते, आपल्या आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी दोन मिनिटांची एक सुरुवात करायला द्यावी. त्यासाठी स्टुडिओ नको, यंत्रसामग्री नको. वर्गातल्या चार जणांत एका घरचा मोबाईल पुरे. मराठीच्या तासालाच द्यावी. निबंध लिहितो तसा हाही निबंधच. हे सुचवले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, मुलांना खून-मारामारी कशाला शिकवायची? ती तर रोज रात्री घराघरांतल्या पडद्यावर शिकवली जातेच. बातमीलाही ढोल, लाल वर्तुळ आणि संथ गतीची दृश्ये लावली जातात. प्रश्न फक्त मूल ते पाहताना जागे असते की नाही, एवढाच. दुसरा आक्षेप, यातून दिग्दर्शक थोडेच होणार? नाहीच होणार. निबंध लिहिणारी सगळी मुले कुठे लेखक होतात? पण ज्याने एकदा संगीत काढून आणि संगीत घालून तेच दृश्य पाहिले आहे, ज्याने रिकाम्या जिन्यात भीती भरली आहे, त्याला दुसऱ्याने भरलेली भीती ओळखू येते.

आणि चित्रफीत झाल्यावर शिक्षकांनी मुलांना तीनच प्रश्न विचारावेत. भीती वाटावी म्हणून तुम्ही काय केले? कोणाची भीती वाटावी असे दाखवले, आणि त्यालाच का निवडले? तुम्ही इथे थांबलात. पण यानंतर काय झाले असेल? तिसरा प्रश्न विसरू नये. मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक चित्रफितीला तो विचारायची सवय एका पिढीला लागली, तर त्या दोन मिनिटांचे सगळे गुण वसूल झाले असे मी समजेन.